सौंसरहून नागपूर, पुण्यामार्गे

मुलगी खोलीतून बाहेर आली आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की काम बिघडलं. आत जाताना तिनं ओढणी नीट केली होती, केसांवरून हात फिरवला होता, मला अंगठा दाखवला होता. आता ती माझ्यापुढे उभी राहिली, दोन्ही हात छातीसमोर आणले, बोटं चालवली आणि मध्येच ताठ थांबवली. पुन्हा चालवली, पुन्हा थांबवली. मग मागचं दार दाखवलं. पडद्यावरच्या दुभाषी बाईचे हात अडकत होते, असं ती सांगत होती.

माझी मुलगी जन्मापासून ऐकू शकत नाही. बोलते ती हातांनी. नागपूरच्या मूकबधिर शाळेत राहून शिकली, तिथंच पुढे छपाईच्या डिझाइनचा कोर्स केला आणि पांढुर्ण्याला घरी येऊन लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या करत होती. सौंसरच्या बाजूला पेट्या आणि लेबलं छापणारी एक कंपनी आहे. तिथं लेबलांची प्रुफं तपासायला माणूस हवा होता. अर्ज तिचा तिनंच केला, मला विचारलं नाही. घरून करून पाठवलेलं चाचणीचं काम पसंत पडलं. राहिली होती फक्त मुलाखत. मुलाखत घेणारे पुण्याच्या मोठ्या ऑफिसात. मुलगी सौंसरच्या प्लांटमध्ये, मीटिंगच्या खोलीत, कंपनीच्याच कॉम्प्युटरपुढे, कारण शेजारी बसून कुणी उत्तरं सांगू नयेत असा त्यांचा नियम. आणि खुणांची भाषा बोलून दाखवणारी दुभाषी बाई नागपूरला, तिच्या घरी. ब्राउझर उघडायचा, लिंक दाबायची आणि समोरासमोर बोलायचं, एवढंच काम होतं.

तिच्या मागोमाग एचआरची मॅडम बाहेर आली. मूळची छिंदवाड्याची, पण सौंसरात नोकरी करून तिला आमचं सगळं बोलणं समजायचं.

"सर, पुणेवाले कह रहे हैं, कैंडिडेट ने जवाब ही नहीं दिया," ती म्हणाली.

"जवाब कसा देईल मॅडम? आधी सवाल पोहोचला पाहिजे ना."

"पर आवाज तो एकदम साफ थी. मैं खुद अंदर बैठी थी."

"आवाज?" मी उठून उभा राहिलो. "माह्या पोरीनं त्या आवाजाचं काय लोणचं घालाचं?"

मॅडमचा चेहरा पडला. मुलीला शब्द कळले नाहीत, पण माझे खांदे कळले. तिनं माझी बाही धरून मला खाली बसवलं.

माझा स्वभाव मला माहीत आहे, तो लपवून काही फायदा नाही. माझे वडील दुसऱ्यांच्या बागांत संत्री तोडायला जायचे. बागेच्या फाटकाबाहेर थांबून, आतून हाक आली की आत जायचं, ही आमच्या घरातली रीत होती. मी ती मोडली. केबल टीव्हीच्या तारा ओढण्यापासून सुरुवात केली, लोकांच्या गच्च्या पालथ्या घातल्या, मग कॅमेरे बसवले, मग इंटरनेट, मग ऑफिसांची नेटवर्कं. शिकवलं कुणी नाही. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा नवीन सरकारी खोल्यांत जी वायरिंग झाली त्यातली बरीच माझी आहे. नागपूरचे ठोक व्यापारी मला बघून कपाळाला हात लावतात, पण माल मलाच देतात. आणि ज्या मीटिंगच्या खोलीत माझ्या मुलीला 'जवाब दिला नाही' म्हणून बाहेर काढलं, त्या खोलीतली तारही मीच टाकलेली होती.

म्हणून मी तिथून हललो नाही. प्लांटमधला कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस सौंसरचाच, घरची संत्र्याची बाग असलेला, माझ्या ओळखीचा. त्याच्या टेबलापाशी गेलो.

"भाऊ, मले काही बोलू नका," तो आधीच म्हणाला. "माह्या हातात काहीच नाही जी. सगळं पुण्याहूनच होते."

"तुले कोण बोलून राहिलं? फक्त तो कॉल कुठून गेला ते दाखव."

ब्राउझरमध्ये एक आतलं पान असतं. सहसा कुणी ते उघडत नाही. चालू कॉलचा डेटा कोणत्या वाटेनं गेला, कुठे किती अडकला, ते तिथं दिसतं. त्यानं तशीच एक दुसरी मीटिंग चालू केली आणि आम्ही दोघं ते पान बघत बसलो.

ही गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ब्राउझरमधला व्हिडिओ कॉल सरळ वाटेनं गेला तर फार चपळ असतो. आवाजाचे आणि चित्राचे लहान लहान तुकडे करून ते भराभर फेकले जातात. एखादा वाटेत हरवला तर हरवला, त्याची वाट बघत कुणी बसत नाही. पण कंपन्यांच्या नेटवर्कला फाटक असतं. त्याला प्रॉक्सी म्हणतात. आतला कॉम्प्युटर बाहेरच्या जगाशी स्वतः बोलत नाही, तो फाटकावरच्या प्रॉक्सीला सांगतो आणि प्रॉक्सी त्याच्या वतीनं बाहेर जाते. हे फाटक वेबसाइटची पानं नेण्यासाठी बनलेलं असतं. भराभर फेकलेले तुकडे तिथं अडवले जातात. मग कॉलला पानांचा वेष घालून, रांगेत उभं राहून, एका मधल्या सर्व्हरमार्फत बाहेर पडावं लागतं. संत्र्याच्या पेट्या बाजाराच्या फाटकावर मोजून आत सोडतात तसं. एक पेटी मागे राहिली की मुनीम म्हणतो, ती आल्याशिवाय पुढची सोडणार नाही, आणि मागे सगळ्या गाड्या उभ्या. त्यात या कंपनीनं प्रत्येक पेटी उघडून बघायचीही सोय केली होती.

आणि ते फाटक होतं पुण्याला. सौंसरहून नागपूरला बसनं माणूस चहा-नाश्ता करून आरामात पोहोचतो. माझ्या मुलीचे हात मात्र आधी पुण्याला जात, तिथं तपासले जात, आणि मग नागपूरला दुभाषी बाईकडे पोहोचत. त्या बाईचे हात याच वाटेनं परत येत.

वाट अरुंद झाली की ब्राउझर स्वतःच ठरवतो, काय वाचवायचं. तो आवाज वाचवतो. चित्र थांबलं तरी चालेल, बोलणं तुटू नये, असं तो शिकलेला असतो, कारण त्याला बनवणारे सगळे कानांनी ऐकणारे. आम्ही वायरवालेही तसेच. कुठलीही जोडणी झाली की आम्ही पडद्यापुढे वाकून 'हॅलो, हॅलो, आवाज येऊन राहिला का' विचारतो. पलीकडून 'हो' आलं की हात झटकून निघतो. पुण्याच्या लोकांनीही त्या दिवशी तेच केलं. दुभाषी बाई हिंदीत बोलत होती ते त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. ती मुलीला प्रश्न विचारते आहे, हेही दिसत होतं. आणि मुलगी गप्प बसली आहे, असं त्यांना वाटत होतं. मुलीच्या पडद्यावर बाईचा हात हवेत थांबलेला होता, आणि मुलगी तो हात हलायची वाट बघत होती.

प्लांटमधल्या माणसानं पुण्याच्या नेटवर्क-साहेबाला फोन लावला आणि मी तो त्याच्या हातातून घेतला.

"नमस्कार. बोला," साहेब म्हणाले. आवाज मऊ, घाई नसलेला.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"काय असतं ना, तिकडे नेट जरा स्लो असतं," ते म्हणाले. "ग्रामीण भाग आहे. त्यामुळे होतं असं."

"साहेब, प्लांटमधली तार मी टाकली. टेस्ट करून दिली, तुमच्याच माणसानं पास केली. तार स्लो नाही. तुमचं फाटक पुण्याला आहे, ते स्लो आहे."

"पण आवाज व्यवस्थित येत होता हो." मग जरा थांबून, "तुम्ही मध्य प्रदेशात राहून मराठी किती छान बोलता."

हे वाक्य आम्ही पांढुर्ण्याचे लोक जन्मभर ऐकतो. जणू आमच्या आजोबांनी मराठी टपालानं मागवली होती.

"तुम्ही बी पुण्यात राहून बरं बोलता," मी म्हणालो.

शेजारचा माणूस टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागला. त्याचे खांदे हलत होते.

मग मी सौदा सुरू केला. सौद्याची माझी पद्धत अशी की जे मिळणारच नाही ते आधी मागायचं. म्हणालो, सगळ्या प्लांटसाठी ते चपळ तुकडे जायची वाट मोकळी करा. नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. ठीक, मग प्लांटमध्ये दुसरी जोडणी पडून आहे, मुलाखतीपुरता तो कॉम्प्युटर तिच्यावर टाका. नाही, नियमात बसत नाही. मग शेवटी जे पाहिजे होतं ते काढलं: कॉल ज्या मधल्या सर्व्हरमार्फत जातो, तेवढ्या एका पत्त्यापुरती पेटी उघडून बघणं बंद करा. ते म्हणाले, विनंती टाका, समितीपुढे जाईल, बघू.

इथं मी थांबायला हवं होतं. समोरचा 'बघू' म्हणाला की सौदा अर्धा झालेला असतो. पण दाराच्या काचेतून मला मुलगी दिसत होती. बाकावर बसून ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. माझा तोल गेला. "समितीले पोरगी आहे का कोणाची?" मी ओरडलो. "तुमच्या फाटकानं अडवलं आणि शिक्का माह्या पोरीवर? जवाब दिला नाही म्हणता? तुमच्या तोंडात कोणी बोळा कोंबला आणि मग म्हटलं, गप्प काऊन आहे, तर कसं वाटन?"

फोन ठेवला गेला. सौंसरचा माणूस म्हणाला, "भाऊ, झालं आता."

निघताना फाटकावरच्या चौकीदारानं 'जयभीम, भाऊ' म्हटलं. मी उत्तर न देता गाडी काढली.

गाडी चालवताना माझं आणि मुलीचं बोलणं होत नाही. तिच्या हातांकडे बघायचं तर रस्ता सुटतो. त्यामुळे एरवी आम्ही सौंसर ते पांढुर्णा गप्पच येतो. जामसांवलीच्या मारुतीच्या वळणावर मंगळवारची गर्दी होती, नारळवाल्यांच्या गाड्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. ती गर्दी पार केल्यावर तिनं डॅशबोर्डवर दोनदा थापटलं. म्हणजे थांबवा. एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी गाडी उभी केली. बाग अंबिया बहराला आली होती, फुलांचा वास गाडीत भरला.

तुम्ही त्यांना काय मागितलं, तिनं विचारलं. माझ्या खुणा गावठी आहेत. तिच्या आईला चांगल्या येतात, मी बोट दाखवून, तोंड वाकडं करून काम भागवतो. तसंच सांगितलं: मोकळी वाट. मोठं, स्वच्छ चित्र. तुला सगळं नीट दिसलं पाहिजे.

तिनं मान हलवली. मग सावकाश, मला कळेल अशा बेतानं सांगितलं. स्वच्छ नको. लहान चालेल. अंधुक चालेल. तिनं तळहाताएवढा चौकोन करून दाखवला. त्या बाईच्या नाकात चमकी आहे की नाही हे मला बघायचं नाही. हात थांबू नयेत, एवढंच. थांबलेला हात म्हणजे अर्धा शब्द. अर्ध्या शब्दावर मी काय उत्तर देऊ?

इतकी वर्षं नेटवर्कचं काम करून मला हे सुचलं नव्हतं. गिऱ्हाइकाला चित्र स्वच्छ हवं असतं, आम्ही त्यासाठीच भांडतो. वाट अरुंद असली की मोठं चित्र जागच्या जागी गोठतं. तेच चित्र लहान आणि अंधुक केलं तर त्याच अरुंद वाटेनं न थांबता जातं. आणि ही सोय त्या मीटिंगच्या सेटिंगमध्येच होती. तिला समिती लागणार नव्हती.

मग फोन करा, ती म्हणाली. पण ओरडू नका.

मी ओरडलो हे तुला कसं कळलं?

तिनं माझ्या मानेवरच्या शिरेवर बोट ठेवलं.

घरी आल्यावर तिच्या आईनं सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळली. "तुम्हाले नेलं होतं कायले? गाडी चालवाले. भांडाले कोणं सांगितलं होतं?"

"मी नाही बोललो तर कोण बोलन?"

"ती बोलते ना. तुम्ही पाहत नाही तिकडं."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन केला. माफी मागितली नाही. कालचं सोडा, म्हणालो, आज धंद्याचं बोलतो. साहेबही कालचं बोलले नाहीत. मी दोनच गोष्टी ठेवल्या. चित्राचा आकार लहान करायचा आणि हालचाल आधी, स्पष्टपणा नंतर अशी सेटिंग ठेवायची. आणि मुलाखतीच्या दिवशी त्या एका पत्त्यापुरती तपासणी बाजूला ठेवायची. ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही बोललो नाही. बैलबाजारात वडिलांबरोबर जायचो तेव्हा हेच शिकलो होतो. दोघं जण दुपट्ट्याखाली हातात हात घालून उभे असतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि ज्याला घाई होते तो हरतो. मुलगी लहान असताना एकदा तिला तिथं नेलं होतं. तिनं दोन दलालांच्या हातावरचा दुपट्टा सरळ ओढून काढला. तिच्या हिशोबानं हात झाकणं म्हणजे तोंड झाकून बोलणं होतं, आणि ते काय लपवून बोलतात हे तिला बघायचं होतं. एक जण म्हणाला, "भाऊ, तुह्या पोरीनं माहा बैल उघडा पाडला." आणि मोठ्यानं हसला.

"एका दिवसापुरतं करता येईल," साहेब शेवटी म्हणाले. "संध्याकाळी मी ते काढून टाकणार. आणि एचआरला पुन्हा वेळ द्यायची की नाही हे माझ्या हातात नाही."

एचआरच्या मॅडमनं ते हातात घेतलं. का घेतलं ते मला माहीत नाही. मी तिच्यावर ओरडलो होतो. ती एवढंच म्हणाली, "सर, उस दिन मैं बाजू में बैठी थी. मैंने स्क्रीन की तरफ देखा ही नहीं था."

मुलाखतीआधी चाचणी घेतली ती मुलीनं. सौंसरचा माणूस सवयीनं पडद्यापुढे वाकला, "हॅलो, मॅडम, आवाज..." म्हणाला आणि मुलीनं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. नागपूरच्या बाईला तिनं खूण केली, काहीतरी सांगा, भरभर. बाईनं स्वतःच्या मुलाच्या शाळेतला काहीतरी किस्सा हातांनी सांगितला. मुलीनं तो मला माझ्या गावठी खुणांत परत सांगितला. मुलानं मास्तरांच्या डब्यातला ठेचा खाल्ला होता आणि मग नळाखाली तोंड धरून बसला होता. पडद्यावर ती बाई तिकिटाएवढी आणि धुकट दिसत होती, पण तिचे हात वाहत होते. किस्सा पुरा आला. मुलगी हसली आणि मला बाहेर जायला सांगितलं.

मी काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो. पडद्याची पाठ माझ्याकडे होती, पुण्याचे लोक मला दिसत नव्हते, दार बंद असल्यानं काही ऐकूही येत नव्हतं. दिसत होती फक्त मुलगी आणि तिचे हात. म्हणजे त्या बोलण्यातला तिचा अर्धा भाग मला मिळत होता, तोही निम्माच कळत होता. ती छपाईबद्दल सांगत होती. रंग सरकतो तेव्हा कडेला कशी सावली पडते, हे तिनं दोन तळवे एकमेकांवर ठेवून, किंचित सरकवून दाखवलं. कुणीतरी काहीतरी विचारलं, ती विचार करत थांबली, आणि मला वाटलं, पुन्हा अडकलं की काय. पण तो थांबा तिचा स्वतःचा होता. मग ती भरभर बोलली. आत बसलेली एचआरची मॅडम हसली. मुलगीही हसली. मॅडमनं माझ्याकडे बघून मान डोलावली. झालं, मी समजलो. निवड झाली.

आणि मग मुलीनं हात वर करून काहीतरी विचारलं.

पहिल्यांदा मला वाटलं, पगाराचं विचारत असेल. पण खूण रोजची होती. रोज, रोज, रोज. मग तिनं चौकोन केला, लहान पडद्याचा. मग फाटक. मग पुन्हा रोज. मॅडमचं हसू गेलं. पलीकडून कुणीतरी लांबलचक काहीतरी सांगत असावं, कारण मुलगी बराच वेळ नुसती बघत होती. मग तिनं दोन्ही तळवे समोर धरले आणि बाजूला सारले.

नको.

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. मॅडमनं आतून बोट उचलून मला थांबवलं. मी थांबलो. आयुष्यात फार कमी वेळा मी असा बाहेर थांबलो आहे.

झालं होतं ते मॅडमनं नंतर सांगितलं. कामाची रोजची मीटिंग पुण्याबरोबर याच कॉलवर होणार होती. तिनं विचारलं, आज केली तशी सोय रोज असेल का? त्या दिवशी कॉलवर बसलेले नेटवर्कचे साहेब म्हणाले, ती आजच्यापुरती आहे, पुढचं लिहून चालवू, चॅटवर. तिनं सांगितलं, मीटिंगमध्ये सगळे बोलतात आणि एक जण वाचत बसतो, त्याला मीटिंग म्हणत नाहीत. तो पत्ता रोज मोकळा ठेवा, नाहीतर मी येत नाही.

परतीच्या वाटेवर मीच गाडी थांबवली, जवळजवळ रस्त्याच्या मधोमध. मागून एका ट्रॅक्टरवाल्यानं शिव्या घातल्या.

मिळालेलं घालवलं, मी तिला सांगितलं. आधी आत जायचं असतं. आत गेल्यावर मागायचं असतं. असा सौदा कोणी करतं का?

तुम्ही करता, ती म्हणाली. उठून निघून जाता. नागपूरला मी पाहिलं आहे.

मी उठून जातो ते परत बोलावतील हे माहीत असतं म्हणून. तुला काय माहीत होतं?

काहीच नाही, ती म्हणाली. आत जाऊन रोज अर्धे शब्द खाण्यापेक्षा पत्रिका बऱ्या.

मी गाडी सुरू केली. पुढे पांढुर्ण्यापर्यंत डॅशबोर्ड कुणी वाजवला नाही.

घरी तिच्या आईनं मला काहीच विचारलं नाही, मुलीलाच विचारलं. त्या दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या, मी बाहेरून हातांच्या सावल्या बघत होतो. मला राग होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पुण्यावर काढला तर तिचं काम जाईल. तिच्यावर काढायचा तर माझ्या मानेवरची शीर तिला आधीच दिसली असती.

कंपनीनं बरेच दिवस काही कळवलं नाही. तिनं एका लग्नाच्या पत्रिका केल्या, एका रसवंतीची पाटी केली. मी रोज फोन उचलायचो आणि ठेवायचो. मग एक दिवस मॅडमचा फोन आला, मलाच, कारण मुलीला फोनवर बोलता येत नाही. "सर, हो गया. वो एड्रेस परमनेंट खोल दिया है, पूरे प्लांट के लिए. पुणेवालों ने बहुत मीटिंग की." आणि हसून म्हणाली, "सब चित्र छोटा-छोटा करके."

मुलगी आता तिथं नोकरी करते. सकाळच्या बसनं जाते, संध्याकाळी येते. दुभाषी बाई रोजच्या मीटिंगला तिकिटाएवढी येते आणि न थांबता बोलते. हे सगळं चांगलं झालं, मी नाकारत नाही.

पण माझ्या मनातलं एक गेलेलं नाही. पहिल्या मुलाखतीत तिनं जवाब दिला नाही असं जे बोललं गेलं, ते कुणी परत घेतलं नाही. साहेबांनी नाही, मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरनं नाही. आमच्या फाटकानं अडवलं, पोरीची चूक नव्हती, हे एक वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही. सोय केली, म्हणजे झालं, असं त्यांचं चालतं. कंपनीनं नवीन शेड बांधली तेव्हा वायरिंगसाठी मला बोलावलं. मी म्हणालो, काम करतो, भावात काही खेचत नाही, एकच अट. माह्या पोरीसमोर, कोणीतरी, हे एक वाक्य बोला. मॅडम म्हणाली, "सर, इतनी पुरानी बात..." पुण्याहून तर उत्तरच आलं नाही. काम छिंदवाड्याच्या ठेकेदाराला गेलं.

मुलीला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. कधी नव्हे इतकी. जेवायला बसलो होतो, तिनं ताट बाजूला सारलं.

मी जे मागितलं ते मला मिळालं, ती म्हणाली. तुम्ही मागितलं ते माझ्या सौद्यात नव्हतं. माझ्या ऑफिसात माझ्यासाठी भांडू नका.

तुझ्यासाठी नाही, मी सांगितलं. माझ्यासाठी.

ही खूण मी छातीवर हात ठेवून केली, जरा जोरातच. तिच्या आईनं मध्ये काही सांगायला हात उचलला, तर मुलीनं तिला थांबवलं. मग ती म्हणाली, तर मग तुमच्या नावानं मागा. माझं नाव घेऊ नका. आणि मिळालं नाही तर जेवायच्या वेळी माझ्याकडे असं बघू नका.

मी मान हलवली. तिनं ताट पुढे ओढलं. अजून तरी मला ते वाक्य मिळालेलं नाही. मी मागणं सोडलेलंही नाही, फक्त आता पोरीचं नाव घेत नाही.